राणीची बाग : एका वनस्पती उद्यानाचा इतिहास आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

महानगरांच्या इतिहासलेखनात बंदर, रेल्वे, गिरण्या, व्यापारी घराणी आणि राजकीय चळवळी यांना जे स्थान मिळते, ते सार्वजनिक उद्यानांना क्वचितच मिळते. उद्यान ही विरंगुळ्याची जागा असल्याची समजूत त्यामागे असते. वास्तविक पाहता एकोणिसाव्या शतकात निर्माण झालेली मोठी उद्याने ही ज्ञानव्यवहार, व्यापार, नागरी प्रशासन आणि लोकजीवन यांच्या परस्परसंबंधांतून घडलेली आहेत. मुंबईतील भायखळा येथील उद्यान हे याचे ठळक उदाहरण होय. 'व्हिक्टोरिया गार्डन्स' या नावाने सुरू झालेले हे उद्यान आज अधिकृतपणे 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय' या नावाने ओळखले जाते. जनमानसात मात्र ते आरंभापासून 'राणीची बाग'च राहिले आहे.

सुमारे ५० एकरांचे हे उद्यान मुंबईच्या अत्यंत दाट वस्तीच्या भागात वसलेले आहे. सर्वसामान्य मुंबईकराच्या दृष्टीने राणीची बाग म्हणजे प्राणिसंग्रहालय. तथापि तिची मूळ स्थापना वनस्पती उद्यान म्हणून झाली होती. प्राण्यांचे पिंजरे हे तेथील नंतरचे आगमन होय. मूळ ओळखीचे हे विस्मरण केवळ नावापुरते मर्यादित नसून उद्यानाच्या जतनाशी त्याचा थेट संबंध आहे. उद्यानाच्या स्थापनेची पार्श्वभूमी स्पष्ट करणे, त्याच्या ओळखीत झालेल्या बदलाचा मागोवा घेणे आणि या बदलाचा त्याच्या जतनावर कोणता परिणाम झाला हे तपासणे ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत.

शिवडीपासून भायखळ्यापर्यंत

राणीच्या बागेची पूर्वपीठिका शिवडी येथे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम भारतातील शेती व बागायतीच्या सुधारणेसाठी मुंबईत 'अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' ही संस्था कार्यरत झाली. नवीन पिकांचे प्रयोग करणे, परदेशी वनस्पती येथील हवामानात रुजवून पाहणे आणि उपयुक्त वनस्पतींचा प्रसार करणे हे तिचे कार्य होते. याच हेतूने संस्थेने शिवडी येथे वनस्पती उद्यान विकसित केले. पुढे १८६५ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात शिवडीची ही जागा युरोपीयांच्या दफनभूमीसाठी घेण्यात आली. मुंबईतील एक वनस्पती उद्यान नागरी प्रशासनाच्या निकडीपुढे अशा रीतीने नाहीसे झाले, ही बाब पुढील इतिहासाच्या संदर्भात लक्षणीय ठरते.

दरम्यान भायखळ्याच्या उद्यानाची कल्पना आकाराला आली होती. तिचा संबंध वस्तुसंग्रहालयाशी आहे. १८५५ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातील कच्चा माल व हस्तकलेच्या वस्तू गोळा करण्यात आल्या. त्यांच्या दुसऱ्या संचातून फोर्टमधील टाउन बराक्समध्ये संग्रहालय सुरू झाले. १८५७ च्या उठावाच्या काळात लष्करी गरजेसाठी ही जागा रिकामी करण्यात आली आणि त्यात संग्रहाची मोठी हानी झाली. उरलेल्या वस्तू सांभाळून संग्रहालयाची पुन्हा उभारणी करण्याचे श्रेय डॉ. जॉर्ज बर्डवुड यांना दिले जाते. बेळगाव येथे जन्मलेले बर्डवुड वैद्यकीय सेवेत होते आणि वनस्पती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मुंबई इलाख्यातील आर्थिक उत्पादनांची त्यांनी तयार केलेली सूची १८६२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात वनस्पतिजन्य पदार्थांना मिळालेले स्थान पाहता संग्रहालय आणि वनस्पती उद्यान या दोन संस्था एकत्र का कल्पिल्या गेल्या, याचा उलगडा होतो. संग्रहालयात बी, डिंक, तेल, रंग व धागा यांचे नमुने आणि बाहेर प्रत्यक्ष झाड, अशी ही योजना होती.

१८५८ मध्ये भारताची सत्ता कंपनीकडून ब्रिटिश राजसत्तेकडे गेली. या सत्तांतराच्या पार्श्वभूमीवर राणीच्या नावाने संग्रहालय व उद्यान उभारण्याचा निर्णय मुंबईत झाला. या कार्यात एतद्देशीय समाजाचा सहभाग मोठा होता. जगन्नाथ शंकरशेट, डेव्हिड ससून, सर जमशेटजी जिजीभाई यांसारख्या धुरिणांचा पाठिंबा या योजनेला लाभला, तर डॉ. भाऊ दाजी लाड यांनी संग्रहालय समितीचे सहचिटणीस म्हणून काम पाहिले. गोव्यातील मांद्रे येथून मुंबईत आलेले भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतील स्नातक. शिलालेख आणि प्राचीन इतिहास यांच्या बरोबरीने वनौषधी हाही त्यांच्या संशोधनाचा विषय होता. त्यामुळे या उद्यानाकडे केवळ वसाहतवादी सत्तेचे प्रतीक म्हणून पाहणे अपुरे ठरते. सत्ताधाऱ्यांची राजनिष्ठेची अपेक्षा, व्यापाऱ्यांचे दातृत्व आणि नवशिक्षितांची ज्ञानजिज्ञासा हे तिन्ही प्रवाह तेथे एकत्र आले होते.

एकाच दिवशी जन्मलेल्या दोन संस्था

माझगावातील 'माउंट इस्टेट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेवर सुमारे ३३ एकरांचे उद्यान आखण्यात आले. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी संग्रहालयाची कोनशिला बसविली आणि त्याच दिवशी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते उद्यान खुले झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापूस व्यापाराला आलेली तेजी त्या वेळी वाढत होती. १८६५ मध्ये ही तेजी ओसरली, अनेक व्यापारी पेढ्या बुडाल्या आणि संग्रहालयाचे बांधकाम रखडले. अखेरीस सरकारने जबाबदारी घेतल्यावर ते पूर्ण झाले व २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडले. इमारतीला पूर्ण होण्यासाठी सुमारे दहा वर्षे लागली. झाडे मात्र या काळात वाढतच होती.

१८७३ मध्ये उद्यानाची व्यवस्था नगरपालिकेकडे आली. हा बदल वरकरणी प्रशासकीय असला तरी त्याचे परिणाम दूरगामी झाले. वनस्पतींच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या संस्थेच्या हातून उद्यान नागरी सुविधा पुरविणाऱ्या यंत्रणेकडे गेले. वनस्पती उद्यानात कोणते झाड कोठून आले, केव्हा लावले, कसे वाढले यांच्या नोंदींना महत्त्व असते. नागरी सुविधेच्या व्यवस्थेत प्रथम पाहिली जाते ती स्वच्छता, सुरक्षितता आणि गर्दीचे नियोजन. दोन्ही दृष्टी आपापल्या जागी योग्य आहेत, परंतु त्या एकच नव्हेत.

वृक्षसंग्रहाचे स्वरूप

राणीच्या बागेत तीन हजारांहून अधिक वृक्ष आहेत. संख्येपेक्षा त्यांच्यातील विविधता अधिक महत्त्वाची ठरते. मूळची आफ्रिकेतील गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेतील कैलासपती, म्यानमारमधील उर्वशी, मादागास्करमधील कॉलव्हिलिया, मध्य अमेरिकेतील मेणबत्तीच्या आकाराची फळे धरणारे झाड आणि त्यांच्या शेजारी सीता अशोक, कृष्णवड यांसारखे भारतीय वृक्ष असा हा संग्रह आहे. एकोणिसाव्या शतकातील सागरी दळणवळणाचा नकाशाच जणू येथे झाडांच्या रूपाने उभा आहे.

या वृक्षांपैकी काहींचे सांस्कृतिक रूपांतरही अभ्यासण्याजोगे आहे. कैलासपती हा परदेशी वृक्ष. त्याची फुले थेट खोडावर येतात आणि फुलातील रचना नागफण्याखालील शिवलिंगासारखी भासते. त्यामुळे त्याला भारतीय नाव मिळाले व शिवमंदिरांच्या परिसरात स्थान लाभले. उर्वशीचे शास्त्रीय नाव डॉ. वॉलिच यांनी लेडी अ‍ॅमहर्स्ट यांच्या सन्मानार्थ ठेवले, पण मराठीत ती एका अप्सरेच्या नावाने ओळखली जाते. कृष्णवडाची पाने द्रोणासारखी वळलेली असतात आणि कृष्णाने त्यांत लोणी ठेवल्याची कथा लोक सांगतात. उद्यानाला 'राणीची बाग' म्हणून आपलेसे करणाऱ्या समाजाने त्यातील झाडांनाही याच रीतीने आपलेसे केले.

अशा संग्रहाचे शैक्षणिक मूल्य स्वयंस्पष्ट आहे. पाठ्यपुस्तकातील कुळे व प्रजाती एका फेरीत प्रत्यक्ष दाखविता येतील अशा जागा महानगरात दुर्मीळ असतात. ज्या वृक्षाचे एक-दोनच नमुने शहरात असतात, त्याच्या बाबतीत प्रत्येक झाड हा स्वतंत्र दस्तऐवज असतो. ग्रंथालयातील दुर्मीळ हस्तलिखित आणि तेवढ्याच पानांची कोरी वही यांची बरोबरी होत नाही. त्याचप्रमाणे असा वृक्ष तोडून अन्यत्र लावलेल्या दहा रोपांनी त्याची भरपाई होत नाही.

प्राणिसंग्रहालय आणि बदललेली ओळख

१८९० मध्ये उद्यानाला सुमारे १५ एकरांची जोड देण्यात आली व तेथे प्राणिसंग्रहालयाचा विस्तार झाला. येथून उद्यानाची लोकमानसातील प्रतिमा हळूहळू बदलत गेली. भायखळा, लालबाग, परळ हा परिसर एव्हाना गिरण्यांनी व्यापला होता. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांच्या कुटुंबांना चाळीतील दहा बाय दहाच्या खोलीबाहेर मोकळी हवा मिळण्याचे हे एक हक्काचे ठिकाण झाले. सुट्टीच्या दिवशी मुलांना हत्ती, वाघ व माकडे दाखविणे हा गिरणगावातील कौटुंबिक जीवनाचा भाग बनला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या आणि या पट्ट्यातील मोकळ्या जागेचे मोल अधिकच वाढले.

उद्यानाचा आणखी एक उपयोग स्वातंत्र्योत्तर काळात झाला. वसाहतकालीन स्मारकांना शहराच्या मध्यवर्ती चौकांतून हलविल्यावर त्यांना येथे जागा मिळाली. ज्याच्यामुळे एका परिसराला 'काळा घोडा' हे नाव पडले, तो प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये येथे आणण्यात आला. फोर्टमधील राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळाही संग्रहालयाच्या आवारात आला. दामोदर हरी चापेकर यांनी १८९६ मध्ये डांबर फासलेला पुतळा तो हाच. त्याआधीच घारापुरीचा दगडी हत्ती येथे आलेला होता. ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटले, त्या हत्तीचे डोके व मान १८१४ मध्ये कोसळली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात यारीचा दांडा मोडून तो भंगला. त्याचे तुकडे उद्यानात आणले गेले आणि १९१४ मध्ये ते जुळवून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. दगडाचे शिल्प अर्धशतकानंतरही जोडता येते. उन्मळलेल्या वृक्षाच्या बाबतीत अशी दुसरी संधी नसते.

जतनाच्या दोन दृष्टी

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संग्रहालय व उद्यान या जुळ्या संस्थांच्या वाट्याला आलेले अनुभव परस्परविरोधी आहेत. १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळालेल्या संग्रहालयाची इमारत कालांतराने जीर्ण झाली होती. महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात २००३ मध्ये करार होऊन तिच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले. मूळ रंग, नक्षी, लाकूडकाम व ओतीव लोखंडाचे खांब यांचा अभ्यास करून हे काम करण्यात आले. त्याला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातील सर्वोच्च वारसा जतन पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले.

याच काळात, २००७ च्या सुमारास, उद्यानाला आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयाचे रूप देण्याचा सुमारे ४३३ कोटी रुपयांचा आराखडा पुढे आला. त्यामागील कारणे सर्वस्वी गैर नव्हती. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने प्राण्यांसाठी किमान जागा व सुविधांचे निकष घालून दिले होते. जुने अरुंद पिंजरे या निकषांत बसणारे नव्हते आणि त्यातील प्राण्यांची स्थिती हा चिंतेचा विषय होता. मात्र पिंजरा मोठा करावयाचा तर भूमी हवी, आणि त्या भूमीवर शंभर-सव्वाशे वर्षांची झाडे उभी. प्राणिकल्याण आणि वृक्षरक्षण ही दोन्ही मूल्ये येथे एकमेकांसमोर उभी ठाकली.

वनस्पतीप्रेमी नागरिकांनी 'सेव्ह राणीबाग बोटॅनिकल गार्डन' या नावाने एकत्र येऊन आराखड्याला विरोध केला. त्यांचे कार्य निषेधापुरते मर्यादित नव्हते. वृक्षांच्या नोंदी घेणे, उद्यानाचा इतिहास संकलित करणे आणि हे मूलतः वनस्पती उद्यान आहे हे कागदोपत्री सिद्ध करणे यांवर त्यांचा भर होता. वाद वारसा जतन समितीपुढे गेला आणि आराखडा मूळ स्वरूपात अमलात आला नाही. त्यात बदल करण्यात आले. येथे इतिहासाचे व्यावहारिक मूल्य प्रत्ययास येते. 'हे प्राणिसंग्रहालय आहे' असे गृहीत धरले की झाड ही पार्श्वभूमी ठरते, अडथळा आल्यास ती हलविता येते. 'हे वनस्पती उद्यान आहे' असे सिद्ध झाले की झाड हाच मूळ संग्रह ठरतो आणि इतर सर्व रचनांना त्याच्याभोवती जागा शोधावी लागते. स्थापनेचा हेतू काय होता, हा प्रश्न त्यामुळे अभ्यासिकेपुरता उरत नाही.

पुढील काळात सुधारित स्वरूपातील कामे होत राहिली. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले, त्यांतील एक त्याच वर्षी दगावला आणि मार्च २०१७ मध्ये हे दालन खुले झाले. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरील पक्षी मुंबईच्या दमट हवेत नियंत्रित तापमानात ठेवण्याच्या औचित्यावर बरीच चर्चा झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रवेशशुल्क प्रौढांसाठी पाच रुपयांवरून पन्नास रुपये आणि मुलांसाठी दोन रुपयांवरून पंचवीस रुपये झाले. चौघांच्या कुटुंबासाठी शंभर रुपयांची सवलत ठेवण्यात आली. मोकळ्या हवेचे ठिकाण आणि तिकीट काढून पाहावयाचे प्रदर्शन या दोन कल्पनांमधील अंतर या आकड्यांतून स्पष्ट होते. देखभालीचा खर्च कोणी तरी सोसावाच लागतो हे खरे. परंतु गिरणगावातील कुटुंबांची बाग म्हणून वाढलेल्या जागेसाठी हा बदल लहान नव्हे.

कायदा आणि त्याच्या मर्यादा

उद्यानाच्या संरक्षणासाठी कायद्याची चौकट उपलब्ध आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये शहरातील वृक्षतोडीवर नियंत्रण आले, वृक्ष प्राधिकरणाची तरतूद झाली व वृक्षगणना बंधनकारक ठरली. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली आणि राणीच्या बागेचा समावेश वारसा स्थळांत झाला. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षाला 'वारसा वृक्ष' ही संज्ञा दिली. या निकषानुसार राणीच्या बागेतील असंख्य वृक्ष वारसा ठरतात.

तथापि या तरतुदी एकेकट्या वृक्षाचा विचार करतात, संग्रहाचा नव्हे. भरपाईदाखल किती रोपे लावावीत हे कायदा सांगू शकतो. वृक्षांची परस्परांतील मांडणी, त्यांची सावली, त्यांच्या मुळांभोवतीची न दाबलेली माती आणि त्यांच्याविषयीच्या नोंदी यांचे मोजमाप त्यात होत नाही. एखादे झाड न तोडताही त्याच्या बुंध्यापर्यंत फरसबंदी केल्याने ते काही वर्षांत सुकू शकते आणि अशा मृत्यूची नोंद वृक्षतोड म्हणून होत नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८१ मध्ये तयार झालेल्या फ्लॉरेन्स सनदेने ऐतिहासिक उद्यानाला 'सजीव स्मारक' मानून त्याची आखणी, वनस्पती, पाणी व बांधीव घटक यांचे एकत्रित जतन करण्याचे तत्त्व मांडले. राणीच्या बागेला आज गरज आहे ती याच दृष्टीची.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, राणीची बाग हे मूलतः वनस्पती उद्यान असून प्राणिसंग्रहालय ही त्यातील उत्तरकालीन भर आहे. दुसरी, १८७३ नंतर तिचे व्यवस्थापन नागरी सुविधेच्या दृष्टीने होऊ लागल्यामुळे मूळ ओळख मागे पडली आणि त्यामुळेच २००७ च्या आराखड्यात झाडांना दुय्यम स्थान मिळू शकले. तिसरी, एकाच दिवशी आरंभ झालेल्या दोन संस्थांपैकी इमारतीच्या जतनासाठी जी शास्त्रीय शिस्त वापरली गेली, ती वृक्षसंग्रहाच्या वाट्याला आली नाही. बांधीव वास्तू म्हणजेच वारसा, ही आपल्याकडील रूढ समजूत याला कारणीभूत आहे.

या दृष्टीने काही उपाय सुचविता येतात. उद्यानातील प्रत्येक वृक्षाची वय, मूळ प्रदेश व आरोग्य यांसह नोंदवही ठेवून ती अभ्यासकांना खुली असावी. दुर्मीळ वृक्षांची रोपे त्यांच्याच बियांपासून वा कलमांपासून तयार करून संग्रहाची पुढील पिढी आताच वाढवावी. प्राण्यांसाठी अधिक जागा देताना मूळ उद्यानाऐवजी लगतच्या विस्तारित जमिनीचा प्राधान्याने विचार व्हावा. उद्यानविषयक निर्णयप्रक्रियेत वनस्पतिशास्त्रज्ञांना कायमस्वरूपी स्थान असावे. शहरातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र व इतिहास विभागांनी वृक्षनोंदणी आणि मौखिक इतिहास यांचे प्रकल्प येथे हाती घेतल्यास अध्यापन व जतन ही दोन्ही उद्दिष्टे साधतील.

शिवडीचे वनस्पती उद्यान मुंबईने गमावले, तेव्हा भायखळ्याचे उद्यान अस्तित्वात आलेले होते. आज राणीच्या बागेला पर्याय ठरेल अशी दुसरी जागा मुंबई बेटावर उरलेली नाही. तेव्हा तिच्या जतनाचा विचार करताना पिंजऱ्यांची संख्या किंवा पर्यटकांची गर्दी हा निकष न मानता, १८६२ पासून वाढत आलेला वृक्षसंग्रह हाच निर्णयाचा प्रारंभबिंदू मानणे क्रमप्राप्त ठरते.